नीरा ते भीमा: बारामती-इंदापूर पट्ट्याचा भूगोल, लोकसंख्या आणि नियोजनाच्या हद्दी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या दुआबात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके येतात. जिल्ह्याच्या नकाशावर ते एकमेकांना लागून असलेले दोन सलग तुकडे दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्यांच्या पोटात दोन वेगळे प्रदेश आहेत आणि त्या दोहोंना विभागणारी रेषा तालुक्याची शीव नसून कालव्याची आहे. बारामती-नीरा रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव (एकाच नावाच्या दोन गावांपैकी थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द) या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे. त्याच्या दक्षिणेला नीरा नदी, नदीला साधारण समांतर जाणारा नीरा डावा कालवा आणि उत्तरेला चढत जाऊन लोणी भापकर, मोरगाव व सुपे यांच्या माळाला मिळणारी जमीन, असा संपूर्ण पट्ट्याचा छेद येथे काही मैलांच्या अंतरात पाहायला मिळतो. नियोजनासाठी जी हद्द धरली जाते आणि लोक ज्या पाण्याच्या आधारे जगतात त्याची जी हद्द असते, त्या दोहोंचा मेळ या पट्ट्यात कितपत बसतो, हे तपासणे हा या आढाव्याचा विषय आहे.

भूगोलाची मांडणी मुळात साधी आहे. सगळा पट्टा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून त्याचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. पुरंदर तालुक्यात उगम पावणारी कऱ्हा मोरगाव आणि बारामती यांना स्पर्श करून सोनगावजवळ नीरेला मिळते, तर नीरा स्वतः भोरच्या डोंगरातून येऊन बारामती व इंदापूर तालुक्यांची दक्षिण सीमा आखत जाते आणि इंदापूरच्या पूर्व टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे, भीमेत विलीन होते. नीरेच्या पलीकडे साताऱ्याचा फलटण आणि सोलापूरचा माळशिरस हे तालुके आहेत. म्हणजे दोन्ही काठांची माती, पीक आणि पाहुणेसंबंध एकच असूनही जिल्हे मात्र तीन आहेत. नदीकाठी खोल काळी जमीन, तिच्या वर मध्यम काळी आणि माथ्यावर मुरमाड, उथळ माती, असा क्रम जवळजवळ सर्वत्र आढळतो. पाऊस मात्र सर्वत्र सारखाच तुटपुंजा असून वार्षिक सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहते. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या छायेत हा पट्टा येत असल्याने कृषिहवामानाच्या विभागणीत तो अवर्षणप्रवण विभागात, म्हणजे पावसाची खात्री नसलेल्या प्रदेशात, मोडतो. ज्या भोरच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो तेथून नीरेचे पाणी येते, आणि त्या पाण्यावरच या कोरड्या मुलखाची सगळी दाट वस्ती उभी आहे.

कालवा येण्यापूर्वीचे चित्र महसुलाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात बसवलेला सारा इंदापूरसारख्या तालुक्याला पेलवला नाही, जमिनी पडीक राहिल्या आणि कुळे गाव सोडून गेली. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्या पद्धतीची पाहणी हाती घेतली. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून जमिनीची प्रत ठरवायची, त्या प्रतीवर आकारणी बेतायची आणि ती तीस वर्षे कायम ठेवायची, ही रयतवारीची जी रीत पुढे संपूर्ण मुंबई इलाख्यात रूढ झाली तिचा पहिला प्रयोग इंदापुरात झाला. प्रशासकीय नियोजनाच्या दृष्टीने ही घटना जेवढी सांगितली जाते त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण तीत गावाची सरासरी न धरता प्रत्येक सर्व्हे नंबर स्वतंत्रपणे तोलला गेला होता. या पट्ट्यातील दुसरी नोंद सुप्याची आहे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे परिचित असलेल्या या गावात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या वह्या व खतपत्रे जाळून दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. कर्जाचे ओझे, भाव पडलेला कापूस आणि बेभरवशाचा पाऊस ही त्यामागची कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत. सुपे आजही जिरायत आहे, म्हणजे तेथील शेती बहुतांशी पावसावरच अवलंबून आहे, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुष्काळाच्या धास्तीतून नीरा डावा कालवा जन्माला आला. १८८५च्या सुमारास तो सुरू झाला आणि पुरंदर, बारामती व इंदापूर असे तीन तालुके पार करत सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेकडे गेला. त्याला पाणी पुरवणारे भाटघरचे मूळ धरण अपुरे ठरल्याने १९२८ मध्ये तेथे नवे, मोठे लॉइड धरण बांधून पूर्ण झाले आणि पुढे वीर धरणाची भर पडली. उजवा कालवा नदीच्या पलीकडे खंडाळा, फलटण आणि माळशिरसकडे गेला. कालवा उताराच्या कडेने समपातळी राखत जातो, म्हणून त्याचे पाणी फक्त खालच्या अंगाला, म्हणजे कालवा आणि नदी यांच्या मधल्या जमिनीलाच मिळते. या भिजणाऱ्या क्षेत्राला लाभक्षेत्र म्हणतात. एकाच गावात कालव्याखालचे रान आणि कालव्यावरचे रान असा भेद त्यातून पडला आणि तो जमिनीच्या किमतीपासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे शिरला. पाणी सतत वाहत नाही, ते ठरावीक दिवसांच्या पाळीने सोडले जाते (त्या पाळीला आवर्तन म्हणतात). पाण्यासाठी शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याने चारीवर वाटप करायचे आणि कालव्याच्या शेपटाकडील गावांनी पाणी पोहोचण्याची वाट पाहायची, हा क्रम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

कालव्यापाठोपाठ माणसे आली. सासवडकडचे माळी शेतकरी, जे बागायतीत आधीच मुरलेले होते, नीरा डाव्या कालव्यावर खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले, आणि पुढे तेच कसब घेऊन गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर आणि नीरेपलीकडे माळशिरसमध्ये गेले, जेथे १९३०च्या दशकात सासवड माळी साखर कारखाना आणि माळीनगरची वसाहत उभी राहिली. उसाचा गूळ बारामतीच्या पेठेत येऊ लागला आणि १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाल्यावर त्या पेठेला दूरची गिऱ्हाइके मिळाली. स्वातंत्र्यानंतर गुऱ्हाळांची जागा सहकारी कारखान्यांनी घेतली: माळेगाव, सोमेश्वरनगर आणि इंदापूर हद्दीतील भवानीनगर. नीरेच्या पलीकडे पाडेगाव येथे १९३२ पासून असलेल्या ऊस संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या को ८६०३२ या वाणाला ‘नीरा’ हेच नाव आहे, आणि राज्यातील उसाखालचा मोठा हिस्सा बरीच वर्षे याच वाणाने व्यापला.

नियोजनाच्या अभ्यासकांनी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्राकडे, म्हणजे ज्या गावांतून सभासद आणि ऊस घेतला जातो त्या क्षेत्राकडे, जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले नाही. सोमेश्वर कारखान्याचे कार्यक्षेत्र बारामतीपुरते मर्यादित नसून पुरंदर, खंडाळा आणि फलटण या तालुक्यांतही पसरलेले आहे, आणि त्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीतील एका गटाचे नावच ‘कोऱ्हाळे-सुपे’ असे आहे. कालव्यावरचे कोऱ्हाळे आणि पावसावरचे सुपे यांना एका मतदारगटात बांधणारी ही हद्द सरकारी नाही, तरीही ती या पट्ट्यातील आर्थिक व्यवहाराचे चित्र तालुक्याच्या नकाशापेक्षा अधिक खरे दाखवते. रस्ते, शाळा, दवाखाने आणि पतपुरवठा यांतील बरीचशी कामे कारखान्यांच्या आधाराने झाली. त्यामुळे जेथे ऊस नाही तेथे ही दुसरी शासनसंस्थाही क्षीण राहिली.

बागायतीची किंमत जमिनीनेही मोजली. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत भरमसाट पाणी दिल्याने खालचे क्षार वर येतात, जमीन पांढरी पडते, चिबडते आणि अखेरीस पिकेनाशी होते. या जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच शास्त्रीय पुस्तिका लिहिली होती, म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होत असतानाच हा रोग ओळखला गेला होता. शंभर वर्षांनंतरही चर काढणे, जिप्सम टाकणे आणि जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालणे हेच उपाय सांगावे लागतात. याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणावर टाकण्याची सवय सोडली पाहिजे, कारण पाण्याची आकारणी घनमापाने न होता पीक आणि क्षेत्र पाहून होत राहिली, आणि अशा पद्धतीत पाणी राखणाऱ्याचा काहीच फायदा नव्हता.

इंदापूर तालुक्यात हीच कथा वेगळ्या क्रमाने घडली. येथे डावा कालवा शेपटाकडे येतो, खडकवासल्याचा कालवाही दमून पोहोचतो आणि दोन्हींकडून पाण्याची अनिश्चितता वाट्याला येते. कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी मोठे खासगी ऊसमळे आणि साखर कारखाना उभारला, त्यातून वालचंदनगर ही कारखान्याची वसाहत आकाराला आली आणि पुढे तेथे अवजड यंत्रनिर्मिती सुरू झाली. १९६१च्या जमीनधारणा कायद्यानंतर कंपन्यांच्या मळ्यांची जमीन १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. मात्र तालुक्याचा नकाशा खऱ्या अर्थाने पालटला तो उजनीने. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, असून त्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी दरवाजांच्या पातळीखालचा मृतसाठा आहे. या जलाशयाने इंदापूरच्या उत्तरेकडील गावे गिळली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरलेल्या वर्षी आजही उघडे पडते. विस्थापितांनी वरच्या माळावर नवी गावठाणे बसवली आणि पुढे जलाशयातून मोटारींनी पाणी उपसून तो माळ हिरवा केला. भिगवणला मासळीबाजार भरू लागला, हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले आणि ते पाहायला पर्यटकही. धरणाचे लाभक्षेत्र कागदोपत्री सोलापूरचे आणि उपसा मात्र काठावरच्या इंदापूरचा, यावरून दोन जिल्ह्यांत सुरू झालेला वाद अद्याप शमलेला नाही.

आता लोकसंख्येकडे वळता येईल. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. त्यात बारामती तालुक्याची ४,२९,६०० आणि इंदापूरची ३,८३,१८३. दोन्ही मिळून ८,१२,७८३ ही संख्या जिल्ह्याच्या जेमतेम साडेआठ टक्क्यांच्या पुढे जाते, तर पुणे शहर आणि हवेली हे दोनच तालुके जिल्ह्याचे सुमारे ६१ टक्के लोक सामावून घेतात. तरीही बारामती हा जिल्ह्यात चौथ्या क्रमांकाचा तालुका होता, कारण पुणे शहर, हवेली आणि औद्योगिक चाकण ज्यात येते तो खेड एवढेच तालुके त्याच्या पुढे होते. दुसऱ्या टोकाला, ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे त्या डोंगरी वेल्हे तालुक्याची संपूर्ण लोकसंख्या ५४,५१६ होती, आणि एकट्या बारामती नगरपालिकेची तेव्हाच्या हद्दीत ५४,४१५. शंभर माणसांचा फरक! असे तालुके एकाच जिल्हा नियोजन समितीच्या सरासरीत बसवले जातात.

ग्रामीण-नागरी विभागणीचे आकडे तर अधिकच फसवे आहेत. २०११ मध्ये जिल्ह्याची ६१ टक्के लोकसंख्या नागरी होती, परंतु बारामती तालुक्यात नगरपालिकेचा वाटा जेमतेम तेरा टक्के होता आणि इंदापूर शहराची लोकसंख्या २५ हजारांच्या घरात, म्हणजे तालुक्याच्या सात टक्क्यांपेक्षाही कमी. मोजणीनंतर जळोची, रुई आणि तांदूळवाडी बारामतीच्या हद्दीत आली, माळेगाव बुद्रुकला नगरपंचायत मिळाली आणि औद्योगिक वसाहतीच्या बाजूला शहर पसरत गेले. त्यामुळे ते प्रमाण आता वाढलेले असणार. पण खरा मुद्दा कालव्यावरच्या मोठ्या गावांचा आहे. लोकसंख्या ५ हजारांहून अधिक, घनता दर चौरस किलोमीटरला ४००हून अधिक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन अटी पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना ‘नगर’ मानते. बागायती पट्ट्यातील गाव पहिल्या दोन अटी पुऱ्या करूनही तिसरीवर अडते, कारण दाटी होते तीच मुळी शेतीमुळे. अशा गावात बँक, कृषिसेवा केंद्रे, मंगल कार्यालये, सोनाराची दुकाने आणि मोटारसायकलींची दालने असतात, पण सांडपाणी, कचरा आणि रस्त्यांसाठीचे निकष मात्र ग्रामपंचायतीचेच लागतात.

वस्तीची रचनाही बदलली आहे. पांढरी, म्हणजे जुनी दाट गावठाणाची जागा, आणि काळी, म्हणजे कसायची जमीन, हा मराठी गावाचा जुना भेद कालव्याने मोडला. पाण्याच्या पाळीला रात्री-अपरात्री हजर राहायचे, दूध-दुभते सांभाळायचे आणि ऊस राखायचा, म्हणून कुटुंबे रानात राहायला गेली. आज बागायती गावातील लोकसंख्येचा मोठा भाग मळ्यांत आणि वस्त्यांवर विखुरलेला असतो. पाणीयोजना, अंगणवाडी आणि रस्ते यांचा खर्च त्यामुळे वाढतो. गावाचा आकार मात्र अजूनही गावठाणावरून ठरवला जातो. महसूल कायद्यात गावठाणालगतच्या दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला बिगरशेतीची सवलत देण्यात आली, पण दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्तीला तिचा उपयोग नाही.

याहून नाजूक प्रश्न मोजणीच्या वेळेचा आहे. भारतीय जनगणनेची मुख्य मोजणी फेब्रुवारीत होते (२०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली) आणि त्या संपूर्ण काळात घरी नसलेल्या माणसाची नोंद, नियमाप्रमाणे, तो जेथे सापडेल तेथे होते. याच महिन्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो आणि बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार कारखान्याच्या तळांवर आणि फडांच्या कडेला कोप्या करून राहत असतात. कामगारांच्या हिशेबात पती-पत्नीच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि लेकरे त्या हिशेबात धरली जात नाहीत. नियम काटेकोर पाळला गेला असेल तर बागायती गावांचा फेब्रुवारीचा आकडा पावसाळ्यातील आकड्यापेक्षा मोठा असला पाहिजे, आणि मोजणाऱ्याने कोप्या वगळल्या असतील तर ही माणसे कोठेच मोजली गेली नाहीत. दोन्ही शक्यतांत नियोजनाचे गणित चुकते. सपाटीच्या प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र हा निकष वर्षभराची स्थिर लोकसंख्या गृहीत धरतो. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत वाढणारी बाळंतपणे, लसीकरण आणि शाळाबाह्य मुले त्यात बसत नाहीत.

जिरायत पट्ट्याची लोकसंख्या याच्या उलट वागते. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडी या बाजूची माणसे पुण्याच्या आणि बारामतीच्या कारखानदारीकडे, मुंबईच्या माथाडी कामाकडे आणि वाहनव्यवसायाकडे वळत आली आहेत. मेंढपाळ धनगर कुटुंबांची हंगामी भटकंतीही याच माळावरून होते. या भागासाठी आखलेल्या जनाई-शिरसाई आणि पुरंदर उपसा सिंचन योजना पुण्याच्या बाजूचे पाणी पंपांनी वर चढवतात. पाणी चढवायला वीज लागते, विजेचे बिल थकले की पंप थांबतात, आणि म्हणून या योजनांचे लाभक्षेत्र कागदावर जेवढे असते तेवढे रानात दिसत नाही. वाहत्या पाटाचे पाणी आणि उपसा पाणी यांची एकत्र बेरीज करून तालुक्याचे सिंचन सांगणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

या सगळ्यावर प्रशासकीय हद्दींचे थर चढवलेले आहेत. १९६२ पासून तालुका हे पंचायत समितीचे क्षेत्र आहे, १९७०च्या दशकापासून जिल्हा हे नियोजनाचे एकक आहे, आणि घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तीन वैधानिक विकास मंडळांपैकी ‘उर्वरित महाराष्ट्र’ मंडळात पुणे जिल्हा येत असे; या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यापूर्वी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४च्या अहवालात प्रादेशिक अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली तूट, जिल्हा हे एकक धरून मोजला होता. आकडे जिल्हावारच मिळत असल्याने ते समजण्यासारखे होते, पण पुण्यासारख्या जिल्ह्यात शहराच्या सावलीत सुप्याची तूट दिसेनाशी होते. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालील पुण्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा बारामती आणि इंदापूर त्याच्या हद्दीबाहेर राहिले. भूजल यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केलेली विभागणी आणि १९९५ नंतर पाणलोट धरून राबवलेले दुष्काळनिवारणाचे कार्यक्रम, हे या पट्ट्याच्या निसर्गाशी सर्वांत जवळ गेलेले प्रयत्न होत. पण पाणलोटाला निवडून आलेला प्रतिनिधी नसतो आणि अर्थसंकल्पात त्याचे लेखाशीर्षही नसते, त्यामुळे ते कार्यक्रम संपले की ती हद्दही कागदात मिटते.

नीरेच्या पाण्याची वाटणी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. डाव्या आणि उजव्या कालव्याला किती वाटा द्यायचा यावर २०१९ आणि २०२० मध्ये राज्य सरकारांनी निर्णय फिरवले, आणि प्रत्येक वेळी वाद बारामती विरुद्ध फलटण-माळशिरस असा रंगवला गेला. वास्तविक डाव्या कालव्याला मिळालेला वाढीव वाटा संपूर्ण बारामती तालुक्याचा नसतो, कारण कालव्यावरच्या अंगाला असलेल्या गावांना त्यातला थेंबही मिळत नाही. उजव्या बाजूलाही सांगोल्यापर्यंत शेपटाची गावे तशीच तहानलेली राहतात. तालुक्यांच्या नावाने झालेल्या या भांडणात तालुक्यांच्या आतली विषमता चर्चेतूनच बाद झाली.

२०२१ मध्ये न झालेल्या जनगणनेसाठी आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे. तिचे गाववार तक्ते प्रसिद्ध होतील तेव्हा जिल्हा नियोजन समितीने किमान या दोन तालुक्यांपुरती गावांची मांडणी तीन गटांत करून घ्यावी: कालव्याने भिजणारी, उपशावर भिजणारी आणि पावसावर राहिलेली. जी गावे कोऱ्हाळ्यासारखी दोन गटांत पडतात त्यांची वस्तीनिहाय फोड करावी, आणि कारखान्यांच्या तळांवरील मोजणी स्वतंत्र रकान्यात दाखवावी. पाटबंधारे खात्याकडे लाभक्षेत्राच्या गावयाद्या आहेत, कारखान्यांकडे तोडणी मजुरांच्या करारांच्या नोंदी आहेत आणि महसूल खात्याकडे सर्व्हे नंबरनिहाय पीकपाहणी आहे. या कामासाठी नव्या पाहणीची गरज नाही; तीन दप्तरे एका टेबलावर आणायची आहेत.